डोन डेटला मित्रांसोबत जाताना

लाओसच्या दक्षिण टोकाला, कंबोडियात शिरण्याआधी मेकाँग नदी फुटते, पसरते आणि तिच्या पात्रात लहानमोठ्या बेटांची गर्दी होते. या पट्ट्याला सी फान डोन म्हणतात. त्यातली डोन डेट आणि डोन खोन ही पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांची बेटं. दोन्हींना जोडणारा जुना फ्रेंच पूल आहे, त्यामुळे एकावर मुक्काम करून दुसरं सायकलवर बघता येतं. बेटावर करण्यासारखं फारसं काही नाही आणि लोक जातात तेही त्यासाठीच. चार-सहा जणांचा ग्रुप तिथे तीन-चार दिवस मजेत काढणार की एकमेकांवर खेकसत, हे मात्र उन्हावर ठरतं. दिवसाचा कार्यक्रम, खोलीची बाजू, जेवायची वेळ, सगळं उन्हाच्या कलानं घ्यायचं. नदीचं वेगळं आहे, तिथे कलानं घेऊनही भागत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शर्टावर एखादं जॅकेट लागतं आणि दुपार सोसते. मार्च ते मे पारा ३५ ते ४० अंशांच्या आसपास असतो, हवा दमट असते, शेतं जाळल्याचा धूर असतो आणि नदी आटलेली असते. एप्रिलच्या मध्यावर, साधारण १४ ते १६ तारखेला, लाओ नववर्ष येतं. तेव्हा खोल्या आणि गाड्या आधीच भरतात आणि रस्त्यावर कोणीही तुमच्यावर पाणी ओततं, म्हणून मोबाइल प्लॅस्टिकमध्ये ठेवा. जून ते ऑक्टोबर पाऊस. धबधबे तेव्हाच खरे धबधबे दिसतात, पण नदी गढूळ आणि जोरात असते. पाण्यातले बेत त्या महिन्यांत धरूच नका.

पोहोचायचं कसं

सोयीचा मार्ग बँकॉकवरून. तिथून विमानानं किंवा रात्रीच्या रेल्वेनं उबोन राचाथानी, मग छोंग मेक–वांग ताओ नाक्यावरून लाओसमध्ये पाक्से, आणि पाक्सेहून मिनीव्हॅननं बेटासमोरचा नदीकाठचा धक्का नाकासांग. हा शेवटचा टप्पा दीडशे किलोमीटरच्या आसपास, तीनेक तासांचा. भारतीय पासपोर्टला लाओसचा व्हिसा लागतो. तो ऑनलाइन काढता येतो किंवा मोठ्या नाक्यांवर पोहोचल्यावर मिळतो. ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी तुमचा नाका यादीत आहे का ते बघा. नाक्यावर काढणार असाल तर सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, एक फोटो आणि न दुमडलेल्या, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा हव्यात. मळलेली नोट परत करतात आणि मग पाठीमागच्या रांगेसमोर सॅक उघडून दुसरी शोधावी लागते.

व्हॅनचं तिकीट काढताना 'डोन डेट' असं स्पष्ट सांगा. डोन खोन आणि डोन खोंग ही नावं ऐकायला सारखी असली तरी डोन खोंग हे उत्तरेकडचं वेगळं, बरंच मोठं बेट आहे आणि तिकडे जायचा रस्ताही वेगळा. ग्रुपमधल्या एकाच माणसानं सगळ्यांची तिकिटं काढावीत, म्हणजे घोळ झाला तर निदान सगळ्यांचा एकत्र होईल.

नाकासांगला दुपारी चारच्या आत पोहोचेल अशी गाडी निवडा. नाव दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते, पण अंधार पडल्यावर ती स्वतंत्र ठरवावी लागते आणि भाव नावाडी सांगेल तो. नावा अरुंद, लांब आणि बुडाला उथळ असतात. चढण्याआधी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, सॅक एकाच खांद्यावर घ्या. नाव कलंडली तर पट्टे आवळलेली सॅक माणसाला पाण्याखाली ओढते. एका वेळी एकानंच चढायचं, पाय कडेवर न ठेवता मधोमध ठेवायचा आणि लगेच खाली बसायचं. सॅका नावेच्या मध्यावर ठेवायच्या. पासपोर्ट, रोकड आणि फोन ड्राय बॅगमध्ये टाका. तिचं तोंड निदान तीनदा गुंडाळून क्लिप लावा आणि आत थोडी हवा राहू द्या, म्हणजे पडली तरी तरंगेल. चपला हातात घ्या, उतरताना पाय बहुधा पाण्यातच पडतो.

सॅक चाळीस लिटरची पुरते. भरून आठ किलोच्या वर गेली तर काहीतरी काढा, कारण बेटावर धक्क्यापासून खोलीपर्यंत चालायचं असतं, तेही मातीच्या वाटेनं आणि बरेचदा भर उन्हात.

खोली निवडताना

इथे घाई करू नका. ऑनलाइन फक्त पहिली रात्र ठरवा. पोचल्यावर दोघांनी सॅका सांभाळत सावलीत बसायचं आणि दोघांनी मोकळ्या हातानं खोल्या बघायच्या.

नावा उतरवतात ते बेटाच्या उत्तर टोकाला, बान हुआ डेटला. दुकानं, बार आणि आवाज सगळं तिथे. जसजसं दक्षिणेला जाल तसतशी शांतता वाढते. बेटाच्या पूर्वेची बाजू सूर्योदयाची आणि पश्चिमेची सूर्यास्ताची म्हणून ओळखली जाते. फोटोंमुळे सगळ्यांना पश्चिमेची खोली हवी असते. डिसेंबरात खुशाल घ्या. मार्च-एप्रिलमध्ये मात्र पश्चिमेच्या खोलीच्या पडवीत दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन थेट आत येतं, लाकडी भिंती तापतात आणि रात्री दहापर्यंत त्यांच्यातून धग येत राहते. उकाड्यात पूर्वेची बाजू घ्या. सकाळी सहाला उजेडानं जाग येईल, पण दुपारनंतर पडवी सावलीत असेल. सूर्यास्त बघायला बेट ओलांडून पलीकडे चालत जाता येतं.

छपराकडे बघा. नुसता पत्रा असेल आणि खाली छत नसेल तर दुपारी त्या खोलीत थांबणं अशक्य. झापांचं किंवा गवताचं छप्पर, वर झाडाची सावली आणि समोरासमोर दोन खिडक्या असल्या तर साध्या पंख्यावर भागतं. एसी असेल तर तो चालू करून पाच मिनिटं उभे राहा, 'आहे' आणि 'चालतो' यात फरक असतो. मच्छरदाणी उजेडाकडे ताणून धरा आणि भोकं शोधा. एखाद-दुसरं भोक चिकटपट्टीनं बुजतं, दहा असतील तर दुसरी दाणी मागा. पंख्याचा वारा दाणीच्या आत पोचतो का तेही तपासा, कारण पंखा भिंतीवर आणि पलंग कोपऱ्यात अशी रचना असेल तर रात्रभर वारा जमिनीला लागतो. नळाचं पाणी नदीतून खेचलेलं असू शकतं, म्हणून दातसुद्धा बाटलीतल्या पाण्यानं घासा.

झोपायला एक सुती पंचा ओला करून घट्ट पिळायचा आणि छातीवर घेऊन पंख्याखाली पडायचं. जाड टॉवेलला हे जमत नाही, शिवाय तो त्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही.

दिवस कसा लावायचा

साडेपाचला उठणं जिवावर येईल, पण डोन डेटवरचे चांगले तास साडेपाच ते दहा आणि चार ते साडेसहा हेच. सायकल, चालणं, धबधबा सगळं यात बसवा. अकरा ते साडेतीन सावलीत, झोळीत. ग्रुपमध्ये एक तरी 'एवढं काय ऊन नाही' म्हणणारा असतो. बाराला निघून दीडला डोकं धरून बसणाराही बहुधा तोच.

सायकली भाड्यानं सगळीकडे मिळतात आणि बेटांवर तेवढ्या पुरतात. घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, टायर अंगठ्यानं दाबा, सीट तुमच्या कमरेच्या उंचीला आणून बोल्ट घट्ट करून घ्या. आधीच्या खरचट्यांचे फोटो काढून ठेवा. ठेव म्हणून पासपोर्ट देऊ नका, रोख द्या.

डोन डेटच्या मधून पुलाकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे फ्रेंचांच्या जुन्या रेल्वेचा मार्ग. धबधब्यांमुळे मेकाँगवरून बोटी वर नेता येईनात, म्हणून १८९३ मध्ये डोन खोनवर रूळ टाकून त्यांनी बोटीच जमिनीवरून ओढल्या. पुढे १९१० च्या सुमारास पूल बांधून मार्ग डोन डेटपर्यंत वाढवला, तेव्हा तो एकंदर सातेक किलोमीटरचा झाला. रूळ गेले, पण गंजलेलं इंजिन डोन खोनच्या बाजूला अजून उभं आहे. हा रस्ता शेतांमधून जातो, सावली जवळजवळ नाही आणि खडीवर सायकल उडते. नदीकाठची वाट अरुंद पण झाडांखालची. जाताना सकाळी मधला रस्ता आणि परतताना काठची वाट घ्या.

डोन खोनच्या पश्चिमेला लीफी (तात सोमफामित) धबधबा आहे, तिकीट लागतं. सकाळी आठच्या आत पोचलात तर खडकांवर अजून सावली असते. खोन फापेंग हा मोठा धबधबा पलीकडच्या मुख्य भूमीवर आहे, त्यासाठी नाव आणि पुढे टमटम करावी लागते. हे सगळे धबधबे मिळून खोनचा एकच पसारा होतो, जवळपास पावणेअकरा किलोमीटर रुंदीचा. जगात रुंदीला याच्यापेक्षा मोठा धबधबा नाही.

डॉल्फिनची सहल कोणी विकत असेल तर हे लक्षात ठेवा: लाओस–कंबोडिया सीमेवरच्या डोहातला शेवटचा इरावडी डॉल्फिन २०२२ मध्ये मेला. डॉल्फिन बघायचेच असतील तर कंबोडियात क्राचेला जा.

पाणी पिणं

उकाड्यात माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा, सायकल चालवताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं म्हणून आणखी पितो. दुपारच्या जेवणाआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा जलसंजीवनी घ्या. पाकीट संपलं तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मिठाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, जास्त झालं तर घातक. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. दुपारपर्यंत झालीच नसेल किंवा गडद असेल तर त्या माणसाला सायकलवर बसवू नका.

घाम, चक्कर, पायात गोळे आणि मळमळ असेल तर माणसाला सावलीत आडवा करा, पाय उचला, घोट घोट द्रव द्या. अर्ध्या तासात उतार पडायला हवा. पण तो असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा हाक मारल्यावर नीट उत्तर देईना, तर तो उष्माघात समजा, मग घाम येत असो वा नसो. लगेच कपडे कमी करा, अंगावर पाणी ओता, दोघांनी वारा घाला, आणि हे चालू असतानाच तिसऱ्यानं नाव ठरवायला पळायचं. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

नदी

काठावरून मेकाँग झोपलेली दिसते. वरवर सपाट, खाली ओढ. पात्रात खडक आणि बुडालेली झाडं आहेत, त्यांच्या मागे भोवरे होतात, आणि खालच्या अंगाला धबधबे आहेत.

ट्यूब घेऊन तरंगत जायची फॅशन आहे. जायचंच असेल तर नियम कडक ठेवा: ट्यूब घेण्याआधी उतरायची जागा काठावरून चालत जाऊन बघून यायची, पुलाच्या बऱ्याच आधी बाहेर पडायचं, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, दारू प्यायलेला कोणी नाही, आणि चारनंतर कोणी पाण्यात शिरायचं नाही. पुलाच्या पुढे पाणी धबधब्यांकडे ओढतं आणि ट्यूबला ना सुकाणू ना ब्रेक. पावसाळ्यात ट्यूब नकोच.

कयाक जास्त बरी, पण वाटाड्यासोबतच. सहली बहुधा दिवसभराच्या आणि दोन माणसांच्या कयाकच्या असतात. चांगलं वल्हवणारा आणि कच्चा अशी जोडी लावा, ताकदवान माणूस मागे बसवा, कारण दिशा मागचा ठरवतो. लाइफ जॅकेट स्वतः निवडा. सगळ्या क्लिपा लावून पट्टे आवळा आणि मित्राला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. आतला फोम दाबल्यावर परत फुगायला हवा, चपटाच राहिला तर बदला. पूर्वेकडच्या होउ साहोंग प्रवाहावर २०२० पासून वीजप्रकल्प चालू आहे, वाटाडा त्या बाजूला टाळत असेल तर हट्ट करू नका. कयाक उलटली तर पाठीवर तरंगा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा. प्रवाहात उभं राहायला गेलं की पाय खडकात अडकतो.

आता या भागाची खास गोष्ट, जी हॉस्टेलच्या फळ्यावर सहसा लिहिलेली नसते. ही बेटं ज्यात येतात तो खोंग जिल्हा शिस्टोसोमायसिसच्या, म्हणजे पाण्यातल्या एका परजीवी कृमीच्या आजाराच्या पट्ट्यात येतो. बारीक गोगलगायींमधून अळ्या पाण्यात सुटतात आणि कातडीतून सरळ शरीरात शिरतात. पाणी प्यावंसुद्धा लागत नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहणं पुरतं. नदी आटलेली असते तेव्हा, उन्हाळ्याच्या महिन्यांत, धोका जास्त. म्हणजे पोहावंसं सगळ्यात जास्त वाटतं नेमकं तेव्हाच. अंग खसखसून पुसल्यानं थोडा फरक पडू शकतो, पण त्यावर विसंबू नका. आमचं मत सरळ आहे: अंग गार करायला बादली आणि तांब्या घ्या, नदी बघायला ठेवा.

खाणं आणि पिणं

बहुतेक ठिकाणी स्वयंपाकाला एकच माणूस असतो. सहा जणांनी सहा पदार्थ मागितले तर दीड तास बसायची तयारी ठेवा. दोनच पदार्थ ठरवा, आणि भूक लागण्याच्या तासभर आधी ऑर्डर देऊन या.

शाकाहाऱ्यांनी 'किन चे' म्हणावं, पण तेवढ्यावर थांबू नये. पपईच्या कोशिंबिरीत आणि भाज्यांतही पा-डेक, म्हणजे आंबवलेल्या माशाचा रस्सा, सर्रास घालतात. 'बो साइ पा-डेक' म्हणजे तो घालू नका. चिकट भात, अंडी, टोफू, फळं यांवर दिवस निघतात. मासे खाणाऱ्यांनी मेकाँगचा मासा पूर्ण शिजवलेलाच खावा. कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या माशातून यकृतात जाणारा कृमी या खोऱ्यात सर्वत्र आहे. लिंबू पिळल्यानं किंवा दारूनं तो मरत नाही.

दारूबद्दल: सीलबंद बीअर घ्या, आपल्यासमोर उघडून. फुकटचे शॉट, बादलीतली कॉकटेल आणि बिनलेबलची तांदळाची दारू नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्याच वांग विएंगला मिथेनॉलच्या विषबाधेनं सहा परदेशी पर्यटक दगावले. लक्षणं बरेचदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात: धूसर दिसणं, पोटात मुरडा, उलट्या, जोरजोरात श्वास. हँगओव्हर समजून झोपू देऊ नका. मेनूवर 'हॅपी' लिहिलेलं दिसेल, म्हणजे त्यात गांजा असतो, आणि गांजा लाओसमध्ये बेकायदा आहे.

पैसे

लाओसचं चलन किप, ते भारतात मिळत नाही. डॉलर किंवा थाई बात न्या आणि पाक्सेत बदला किंवा तिथल्या एटीएममधून काढा. एका डॉलरला वीस हजारांहून जास्त किप येतात, त्यामुळे शून्यं मोजण्यात पहिल्या दिवशी सगळेच गोंधळतात. बेटावरच्या एटीएमच्या किंवा कार्डाच्या भरवशावर राहू नका. पूर्ण मुक्कामाची रोकड आणि परतीचं भाडं बेटावर जाण्याआधी हातात हवं.

कॉन्ट्री रोज सकाळी काढा, सगळ्यांची सारखी. त्यातून खोली, नाव, पाणी आणि जेवण. बीअर ज्याची त्यानं. खजिनदार रोज बदला आणि संध्याकाळी जेवणाआधी हिशेब करा, नंतर कोणाला आठवत नाही. शंभर डॉलर एका वेगळ्याच माणसाकडे ठेवा, फक्त दवाखान्यासाठी.

औषधं आणि बाकीचं

चार जणांना चार दिवसांसाठी: जलसंजीवनीची बारा पाकिटं, पॅरासिटामॉलच्या वीस गोळ्या, थर्मामीटर, जखम धुवायला अँटिसेप्टिक, गॉज आणि चिकटपट्टी, घामोळ्याची पावडर, आणि डीईईटी वीस ते तीस टक्के असलेलं डास-मलम. सनस्क्रीन आधी लावा, ते वाळलं की मलम. ही बेटं ज्यात येतात त्या चांपासाक प्रांतात मलेरिया आहे, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या महिनाभर आधी विचारा. ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी निघा. बरंसं रुग्णालय पाक्सेला, त्यापुढचा इलाज उबोनला, म्हणून विम्यात सीमेपलीकडे हलवण्याचा खर्च आणि कयाकिंग दोन्ही आहे का हे वाचून घ्या.

गावातून फिरताना अंगात शर्ट ठेवा, घरात आणि देवळात शिरताना चपला बाहेर.

परतल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना दक्षिण लाओस असं नाव घेऊन सांगा आणि मलेरिया, डेंग्यूची तपासणी करून घ्या. नदीत उतरलेल्यांनी, त्रास नसला तरी, शेवटच्या दिवसानंतर सहा ते बारा आठवड्यांनी शिस्टोसोमायसिसची तपासणी करावी. त्याआधी केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आजार निघाला तर प्राझिक्वांटेल हे औषध आहे, मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.